पाण्याच्या बेताने दिवा

काचेच्या पेटीत पाणवनस्पती लावून घरात एक लहानसे जलोद्यान उभे करण्याचा छंद मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतून आता तालुक्याच्या व खेड्यांतील घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. मासे पाळण्याची हौस जुनीच. तीत मासे मुख्य असत आणि एखादी हिरवी काडी शोभेपुरती असे. या नव्या छंदात क्रम उलटा असून वनस्पती मुख्य आणि मासे हे त्या बागेत हिंडणारे पाहुणे होत. बाग म्हटली की ऊन आणि खत यांचा विचार आलाच. पाण्याखालच्या बागेत उन्हाच्या ठिकाणी दिवा येतो, आणि खतांपैकी सर्वांत महत्त्वाचे खत वायुरूप असते. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. जुन्या पाठ्यपुस्तकांत यास कर्बाम्लवायू म्हणत. मी येथे सुटसुटीतपणासाठी नुसते कर्बवायू म्हणतो. दिवा केवढा घ्यावा आणि कर्बवायू वेगळा द्यावा की काय, हे दोन प्रश्न या छंदात प्रथम उभे राहतात. दुकानात त्यांचे उत्तर एक मिळते. परंतु आमच्यासारख्या पाण्याची मोजदाद करणाऱ्या मुलखातील कुटुंबाने ते निराळे शोधावे, असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

आमचे घर धाराशिव जिल्ह्यात तेर येथे आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो, आणि ते तगर म्हणजे हेच तेर, अशी ओळख फ्लीट यांनी १९०१ साली पटवून दिली. गोरोबाकाकांची समाधी येथेच तेरणेच्या काठी आहे. माझ्या आईचे वय आज ८६ आहे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून कित्येक वर्षे तिचा दिवस नदीवर उजाडत असे. पुढे धरण झाले, घरोघरी बोअर झाल्या, नळ आले, आणि नदीवर जाण्याचे कारण उरले नाही. तरी आई काहीतरी निमित्त काढून तिकडे एक फेरी घालीच. तीन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि ती फेरी संपली. तिच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. दिवसभर ती त्या भिंतीकडे पाहात पडलेली असे.

दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यास एका कारखान्यात अभियंता आहे. आजीवर त्याचा फार जीव. त्याने स्वतःच्या बिऱ्हाडात असे जलोद्यान केले असून त्याची छायाचित्रे पाहून आई म्हणाली होती, “अगदी नदीत वाकून पाहिल्यासारखे वाटते रे!” एवढा शब्द त्यास पुरे झाला. गेल्या दिवाळीस तो दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी गाडीत घालून घेऊन आला, आणि बरोबर पुढील सामानाची यादीही आणली: चाळीस वॉटचा एलईडी दिवा, दोन किलो कर्बवायूचे नळकांडे, त्याची चावी, वायूचे बारीक बुडबुडे करणारी चकती, आणि परदेशी लाल पानांच्या वनस्पतींची नावे. दादांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि ती माझ्या हाती दिली. कारण मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे असल्या बाबतीत अखेरचा शब्द माझा, अशी आमच्या घरातील समजूत आहे. वहिनी मात्र यादीकडे न पाहताच म्हणाल्या, “भावोजी, बाकी काय ते तुम्ही दोघे पाहा. याला पाणी किती लागेल, तेवढे मला सांगा.”

हा प्रश्न ऐकून पुतण्या हसला, पण मला तो सर्व प्रश्नांचे मूळ वाटला. २०१६ सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे महाराष्ट्रभर सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. आम्ही ते वाचले नाही, भोगले. त्या दिवसांत आमच्या घरी भांडी घासलेले पाणी झाडांना आणि भाज्या धुतलेले पाणी पुन्हा भांड्यांना, असा क्रम होता, आणि कोणता हंडा कोठे रिकामा व्हावयाचा याचा हिशेब वहिनींच्या मुखोद्गत असे. अशा घरात साठ-पासष्ट लिटर पाणी शोभेसाठी मांडून ठेवावयाचे, तर ते आठवड्यास किती मागणार हे आधी समजले पाहिजे. आणि गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर दिव्यावर अवलंबून आहे.

ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पाण्यात बुडालेल्या पानांतून उन्हात बुडबुडे निघतात आणि अंधारात ते थांबतात, ही गोष्ट यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ साली प्रसिद्ध केली, आणि वनस्पतीस प्रकाश अवश्य आहे हे सिद्ध झाले. पुढे तीनच वर्षांनी, १७८२ साली, जिनेव्हाच्या झां सनेबिए यांनी दाखवले की, नुसत्या प्रकाशाने भागत नाही, पाण्यात कर्बवायू विरघळलेला असेल तरच ते बुडबुडे निघतात. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून अधिक जुने आहेत. शाळेत उपड्या नरसाळ्याखाली हायड्रिलाच्या फांद्या ठेवून वर परीक्षानळी धरण्याचा प्रयोग पुष्कळ वाचकांनी केला असेल. त्यात पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावयास सांगत. तो कशासाठी, हे विचारणारा विद्यार्थी मला तीस वर्षांत दोनदाच भेटला. तो सोडा म्हणजे कर्बाचा पुरवठा होय.

प्रकाश आणि कर्ब या दोहोंचा परस्परसंबंध इंग्लंडातील ब्लॅकमन यांनी १९०५ साली एका नियमात बांधला. एखाद्या क्रियेस अनेक गोष्टी लागत असतील, तर तिचा वेग त्यांपैकी सर्वांत तुटपुंज्या गोष्टीने ठरतो. पंगतीच्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या पाचजणी बसल्या आणि तवा एकच असला, तर पोळ्या एका तव्याच्याच वेगाने होणार; लाटलेल्या पोळ्या परातीत सुकत पडणार. पेटीतील वनस्पतीस दिवा म्हणजे लाटणारे हात आणि कर्ब म्हणजे तवा. दिवा वाढवीत जावे आणि कर्ब तेवढाच ठेवावा, तर वनस्पती अडून बसते, पाने पिवळी पडून कुजू लागतात, त्यांतून अन्नद्रव्ये पाण्यात झिरपतात, आणि तो बेवारशी प्रकाश व ते अन्न यांवर शेवाळ आपला संसार थाटते. नवशिक्यांच्या पेट्या महिन्या-दीड महिन्यात हिरव्या-काळ्या तंतूंनी भरून जातात, त्याचे कारण बहुधा हेच असते. मालक बिचारा दिवा कमी पडला असे समजून आणखी मोठा दिवा आणतो.

पाण्यात कर्ब कमी का पडतो? हवेत कर्बवायूचे प्रमाण आज दर दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग आहे. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. त्याहून अडचणीची गोष्ट ही की, हवेत हा वायू ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. पानाभोवतीचा पाण्याचा पातळ थर एकदा कर्बहीन झाला की, पुढचा घास येईपर्यंत पानास उपाशी राहावे लागते. म्हणून मोठा दिवा लावणारे लोक नळकांड्यातून वायू सोडून हे प्रमाण लिटरमागे वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मग वनस्पती खरोखरच झपाट्याने वाढतात. वाढल्या म्हणजे नत्र, पालाश, लोह ही खते हवीत. खते घातली म्हणजे ती साचू नयेत म्हणून दर आठवड्यास पेटीतील अर्धे पाणी बदलावे, अशी त्या पंथाची रीत आहे.

आता वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आमच्या पेटीत माती-वाळू वजा जाता पंचावन्न लिटर पाणी मावते. मोठा दिवा घेतला तर आठवड्यास सत्तावीस लिटर, म्हणजे दोन हंड्यांच्या जवळपास, आणि वर्षास चौदाशे लिटर पाणी उपसावे लागेल. लहान दिव्यावर मंदगतीने वाढणाऱ्या बागेस आठवड्यास पाच-सहा लिटर बदलले आणि आटलेले भरून काढले तरी पुरते. उपसलेले पाणी वाया जात नाही, ते तुळशीस आणि अबोलीस उत्तम खत होते, हा पुतण्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण वैशाखात आमची अबोलीसुद्धा दोन हंड्यांचा हट्ट धरीत नाही.

पुतण्याचे म्हणणे मी उडवून लावले असे मात्र वाचकांनी समजू नये. त्याच्यापुढे आदर्श होता तो जपानच्या ताकाशी अमानो यांचा. सायकलींच्या शर्यतींतून या छंदाकडे वळलेल्या या छायाचित्रकाराने १९८२ साली आपली संस्था काढली, आणि डोंगर, कुरण, ओढा यांची आठवण करून देणारी पाण्याखालची दृश्ये रचून जगभरच्या हौशी लोकांस वेड लावले. २०१५ साली ते वारले. ज्या निळ्या एलईडीमुळे आजचे पांढरे दिवे शक्य झाले त्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले, त्यांतही एक अमानो आहेत. ते हिरोशी अमानो. एका अमानोने पाण्याची बाग दाखवली आणि दुसऱ्याने तिचा दिवा सिद्ध करण्यास हातभार लावला, असा हा योगायोग आहे. तर, त्या जपानी चित्रांतील हिरवा गालिचा आणि लाल पाने मोठा प्रकाश आणि भरपूर कर्ब यांवाचून बहुधा साधत नाहीत, हे खरे. प्रश्न एवढाच होता की, आजीस तो गालिचा हवा होता काय?

तिला विचारले. ती म्हणाली, “लाल पाने कशाला? घाटाच्या पायरीखाली हिरवे लांब शेवाळ हलत असे, तसे काही येईल का बघा.” आमच्याकडे पाण्यातील सर्व हिरव्या गोष्टींस शेवाळ हे एकच नाव आहे. दगडावरचा निसरडा थरही शेवाळ आणि हायड्रिलाची पाने झुलवणारी वेलही शेवाळ. आईस अर्थात वेल हवी होती.

दिव्याचा निर्णय मग सोपा झाला. पूर्वी या छंदात लिटरमागे इतके वॉट असा हिशेब सांगत. तो जुन्या नळीच्या दिव्यांचा होता. एलईडीस तो लागू पडत नाही. दिव्याच्या खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, ते पाहावेत. लिटरमागे दहा ते वीस ल्युमेन हा मंद प्रकाश, वीस ते चाळीस मध्यम, आणि त्यावर प्रखर, असा ढोबळ अंदाज धरण्यास हरकत नाही. चांगला एलईडी एका वॉटला शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे पुतण्याचा चाळीस वॉटचा दिवा आमच्या पेटीत लिटरमागे सत्तर ल्युमेनहून अधिक ओतणार होता. आम्ही बारा वॉटचा घेतला; लिटरमागे सुमारे बावीस पडतात. पेटी उंच असेल तर तळाशी प्रकाश बराच कमी पोहोचतो, म्हणून खुज्या वनस्पती कडेच्या सावलीत न लावता मधोमध लावाव्यात. रंगाविषयी दुकानांत फार बोलतात. ६५०० केल्विनचा साधा पांढरा दिवा वनस्पतीस चालतो आणि डोळ्यांस नैसर्गिक वाटतो. निळ्या-जांभळ्या दिव्यांत मासे नाटकातल्या पात्रांसारखे दिसतात. ते मला स्वतःला आवडत नाही.

येथे आणखी एक गोष्ट होती, ती पुतण्याच्या यादीत नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. ती खाटेवर पडून पाहणार, म्हणजे तिची नजर खालून वर जाणार, आणि उघडा दिवा नेमका तिच्या डोळ्यांत येणार. प्रयोग म्हणून पुतण्याने पुण्याहून आणलेला आपला मोठा दिवा लावून पाहिला, तेव्हा तिने तोंडावर पदर ओढून घेतला. तिथेच त्या दिव्याचा निकाल लागला. बारा वॉटच्या दिव्यास सुताराकडून पातळ फळीची चार बोटे रुंद झालर करून घेतली. तिच्यामुळे प्रकाश पाण्यात जातो, डोळ्यांत जात नाही. ज्यांच्या घरी वडील माणसे आहेत त्यांनी ही झालर अवश्य करावी. खर्च नगण्य आहे.

कर्बवायूचा प्रश्न इतक्या लवकर सुटला नाही, कारण तेथे पुतण्याची बाजू बळकट होती. त्याने मला डेन्मार्कमधील संशोधकांच्या एका प्रयोगाची माहिती दाखवली. रिक्सिया नावाच्या तरंगत्या वनस्पतीवर त्यांनी प्रकाश आणि कर्ब यांची निरनिराळी जोडणी करून पाहिली होती, आणि प्रकाश मंद असतानाही कर्ब वाढवल्यास वाढ पुष्कळ होते, असे त्यांस आढळले होते. कर्ब मिळवण्यात वनस्पतीची जी शक्ती खर्च होते ती वाचली म्हणजे ती प्रकाश टिपण्याकडे वळते, असे त्याचे कारण देतात. “मग काका, दिवा लहान ठेवा, पण वायू तर द्या,” असे तो म्हणाला. हे बोलणे शास्त्राला धरूनच होते. एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर ते मोठ्या दिव्यात घालण्यापेक्षा कर्बात घालावेत, असे मीही कोणास सांगेन.

पण नळकांडे ठेवावयाचे होते आईच्या उशाशी. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोन किलो कर्बवायू मोकळा झाला तर त्याचे सुमारे अकराशे लिटर होतात. आईची खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच, म्हणजे चौतीस हजार लिटरांची. चावी बिघडून रात्रीतून सगळा वायू निघाला आणि थंडीमुळे दारे-खिडक्या बंद असल्या, तर खोलीच्या हवेत त्याचे प्रमाण तीन टक्क्यांवर जाते. बाहेरच्या हवेत ते शेकडा ०.०४ इतके असते. तीन टक्क्यांस धडधाकट माणसाचेही डोके दुखू लागते आणि श्वास जलद होतो. शिवाय हा वायू हवेहून जड, तो खाली, खाटेच्या उंचीस साठतो. असे घडण्याचा संभव थोडा आहे, आणि मोकळ्या दिवाणखान्यात ठेवलेल्या नळकांड्याविषयी मी कोणास भय घालू इच्छित नाही. सेकंदास एक बुडबुडा हा नेहमीचा पुरवठा माणसांस अगदी निरुपद्रवी असतो. परंतु जी व्यक्ती उठून दार उघडू शकत नाही तिच्या खोलीत थोडा संभवही मला पुष्कळ वाटला. पुतण्याच्या पुण्याच्या पेटीत एकदा विजेवर उघडझाप करणारी झडप उघडीच अडकली होती. रात्री दिवा नसतो. वनस्पती कर्ब घेण्याचे सोडून उलट आपणच तो बाहेर टाकतात. सकाळी त्याचे निम्मे मासे पृष्ठभागावर तोंडे काढून तडफडत होते आणि उरलेले तडफडण्याच्या पलीकडे गेले होते. ही हकीगत त्यानेच सांगितली होती, आणि मी तिची आठवण करून दिल्यावर तो काही बोलला नाही.

साखर आणि यीस्ट बाटलीत आंबवून वायू करता येतो. शंभर ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली तर त्यातून पन्नास ग्रॅमच्या आसपास वायू निघतो. पण तो पहिल्या आठवड्यात धबधब्यासारखा येतो आणि नंतर मलूल होतो, रात्री बंद करता येत नाही, आणि उन्हाळ्यात तर त्याचा भरवसा नाहीच. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व यांच्या दोन बाटल्यांची जोडणी यापेक्षा बरी, तीस चावी असते. तिचा आम्ही विचार केला होता. पण तिची गरज पडली नाही, त्याचे श्रेय आमच्या विहिरीच्या पाण्यास आहे.

आमचे पाणी जड आहे. डाळ शिजत नाही म्हणून सासुरवाशिणी ज्यास नावे ठेवतात तसले. काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या या पाण्यात बायकार्बोनेटे पुष्कळ असतात. थेंब मोजून तपासण्याच्या संचाने आमची कार्बोनेट-कठिणता १४ अंश भरली, आणि मातीपरीक्षणाच्या कागदावर शेतकरी ज्यास सामू म्हणतात तो ८.१ निघाला. या दोन आकड्यांवरून मोकळा कर्बवायू काढण्याचे कोष्टक आहे. त्याप्रमाणे तो लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या जरा वर येतो. तो तीसवर न्यावयाचा तर एवढ्या कठीण पाण्याचा सामू ७.१५ पर्यंत खाली ओढावा लागेल, म्हणजे पुष्कळ वायू खर्ची पडेल. पण त्याच पाण्यात बायकार्बोनेटाच्या रूपाने कर्बाचे केवढे तरी कोठार भरलेले आहे! सर्व वनस्पतींस त्याचे कुलूप उघडता येत नाही. नदीच्या शेवाळमंडळींस मात्र येते. हायड्रिला, फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया, आणि मांजराच्या शेपटीसारखी सिरेटोफायलम या तिघी बायकार्बोनेटातून कर्ब काढून घेतात. आईने मागितले होते नेमके तेच!

हायड्रिलाची गोष्ट तर फारच सुरस आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील प्रयोग प्रामुख्याने याच वनस्पतीवर केलेले आहेत, आणि उन्हाळ्यातील हायड्रिला हिवाळ्यातील हायड्रिलेपेक्षा कर्ब निराळ्या रीतीने वापरते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्याचा उलगडा पुष्कळ वर्षांनी झाला. पाण्यात कर्बाची टंचाई पडली की, ही वेल आपल्या पानातील व्यवस्था बदलून कर्ब साठवून वापरू लागते, आणि ती बदललेली व्यवस्था जवळजवळ तीच असते जी आमच्या ज्वारीत आणि उसात असते. दुष्काळात कोठी कशी चालवावी हे मराठवाड्यातील गृहिणींप्रमाणे या वेलीसही ठाऊक आहे, असे मी वहिनींस म्हणालो. त्या म्हणाल्या, “मग ती राहील आपल्याकडे.”

पेटी मांडण्यास एक दिवस लागला. तळाशी दोन बोटे शेतातील माती, चुनखडीचे खडे वेचून. तीवर धुतलेली जाड वाळू. मातीतील सेंद्रिय अंश सावकाश कुजतो आणि थोडा कर्बवायू सतत देत राहतो, हा मातीचा दुसरा लाभ. शोभेसाठी एखादी जुनी वीट ठेवावी असे दादांच्या मनात आले होते. पण तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात अशी त्यांची ख्याती असल्यामुळे तो बेत हसण्यावारी गेला. वाळूत मागच्या बाजूस व्हॅलिस्नेरिया, मध्ये हायड्रिला, आणि पुढच्या कोपऱ्यात जलब्राह्मी लावली. ही ब्राह्मी शहरांतील दुकानांत बकोपा या नावाने बरेच पैसे घेऊन विकतात. ती पाण्यातून डोके वर काढते आणि हवेतूनच कर्ब घेते, तेव्हा तिची चिंता करण्याचे कारण नाही. माशांसाठी पुण्यास जावे लागले नाही. डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खात्याचे लोक हौदांत सोडतात ते गप्पीच आम्ही आणले. त्यांस जड पाणी मानवते.

दिवा सलग न लावता सकाळी तीन तास आणि दुपारनंतर चार तास लावतो. मधल्या विश्रांतीत माती आणि मासे यांचा कर्ब पाण्यात पुन्हा साठतो, असा त्यात हेतू आहे. आणि आईची वामकुक्षीही त्याच वेळी असते. वीज गेली तर गेली. मोठ्या दिव्याच्या आणि वायूच्या पेटीत वीज जाणे हा अनर्थ असतो, येथे तो थोडा जास्त आराम ठरतो.

पहिला महिना काचेवर तपकिरी थर येत होता, तो पुसून काढावा लागे. नंतर हायड्रिलेने जोर धरला. सकाळी तपासला तर सामू ८, आणि सायंकाळी दिवा विझवण्याच्या वेळी ८.६ भरतो, म्हणजे वेल दिवसभर कर्ब ओढते आहे. एकदा वहिनींनी पानांवर चुन्यासारखा पांढरा थर पाहून काळजी केली. तो चुनाच आहे. बायकार्बोनेटातून कर्ब काढून घेतला की, चुन्याचा अंश पानावर बसतो. तो वेलीच्या जेवणाचे उष्टे समजावे. लाल पानांच्या रोटालाची एक काडी पुतण्याच्या समाधानासाठी लावली होती, ती तीन आठवड्यांत विरघळून गेली. ज्यांस तीच हवी असेल त्यांनी पावसाळ्यात छपराच्या पागोळ्यांचे मऊ पाणी साठवावे, दिवा वाढवावा आणि बाटल्यांचा किंवा नळकांड्याचा कर्ब द्यावा. त्या बागेचे सौंदर्य मी नाकारीत नाही.

दुपारी चारच्या सुमारास हायड्रिलेच्या शेंड्यांतून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर चढू लागतात. आई तेव्हा जागी असते. हल्ली तिने शेजारच्या मुलींस बोलावून घाटावरच्या गोष्टी सांगण्याचा परिपाठ सुरू केला आहे. कोणत्या पायरीवर कोण बसे, कोणाचे भांडे वाहून गेले, पुराच्या वर्षी पाणी कोठवर आले. त्यांपैकी निम्म्या गोष्टी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. पुतण्या गुढीपाडव्यास आला तेव्हा तो तासभर तिच्याजवळ बसून होता, आणि जाताना त्याने हायड्रिलेच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्यास नेल्या.

छाटलेल्या फांद्या आम्ही खताच्या खड्ड्यात टाकतो. नदीत अथवा ओढ्यात टाकू नयेत, आणि गप्पीही सोडू नयेत. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. आणि आपली हायड्रिला १९५० नंतरच्या दशकात अशाच शोभेच्या पेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेच्या फ्लोरिडात पोहोचली, ती तेथील तळी व कालवे भरून बसली आहे आणि तिच्या निर्मूलनावर तेथे पाण्यासारखा पैसा खर्च होतो.

चैत्र संपत आला तेव्हापासून दिव्याचे तास सातावरून पाचावर आणले आहेत. उन्हाळ्यात पेटीतील पाणी ३२ अंशांपर्यंत तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांस लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांस सव्वासात. वाढ मंदावली की पाणीही कमी बदलावे लागते. वहिनींनी सध्या आठवड्यास चार लिटर मंजूर केले आहेत, आणि मृग लागेपर्यंत त्यांत वाढ होणार नाही असे बजावले आहे.